सात चमचे आण म्हटलं, मूठभर आणले

बी-३०४ (चिऊची आई): एक विचारायचं होतं. चिऊ १ ते १०० घडाघडा म्हणते. काल पाहुणे आले म्हणून तिला म्हटलं, सात चमचे आण. मूठभर घेऊन आली. किती आणलेस विचारलं तर म्हणे "खूप". पाच पूर्ण झालीत. जवळपास एखादा क्लास आहे का?

ए-१०२: अबॅकस लावा. आमच्याला दुसरीत लावला होता, वेग मस्त आला.

सी-५०१ (बाई): दुसरीतला मुलगा वेगळा, पाच वर्षांची पोर वेगळी. आत्ता क्लास नको. चिऊ आकडे म्हणते, मोजत नाही. १०० पर्यंत येतं म्हणजे तिला शुभंकरोतीसारखंच एक लांबलचक काहीतरी पाठ आहे. मोजायला दोन गोष्टी कळाव्या लागतात. एका वस्तूला एकच आकडा, आणि शेवटचा जो आकडा आला तेवढ्या एकूण वस्तू. पाच शेंगदाणे ठेव, मोजायला लाव आणि मग विचार, "किती झाले?" पुन्हा एकपासून सुरू केलं, तर दुसरी गोष्ट अजून बसलेली नाही.

बी-३०४: बाई, अगदी तस्संच केलं! तीनदा विचारलं, तीनदा पहिल्यापासून मोजलं. मग खाऊन टाकले.

सी-५०१ (बाई): म्हणजे वजाबाकीपण झाली. परीक्षा घेतल्यासारखं सारखं विचारू नकोस. ताटं घ्यायची वेळ झाली की काम दे. प्रत्येक ताटाशी एक वाटी, एक चमचा. कमी पडलं की तिचं तिलाच दिसेल.

सेक्रेटरी: सदर ग्रुप पाणी, पार्किंग व देखभाल या विषयांसाठी आहे. कृपया नोंद घ्यावी.

डी-२०२ (आजी): घ्या नोंद. चिऊच्या आई, माझ्याकडे जुनं चिपटं आणि मापटं आहे, पितळेचं. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर. तांदूळ भरायला बसव तिला. माझी नात तासभर बसली होती आणि शेवटी स्वतःच म्हणाली, "आजी, शेरात चार चिपटी". मी काही शिकवलं नव्हतं. तांदूळ मात्र अजून सोफ्याखाली सापडतायत.

ए-७०३: सापशिडी खेळा. दोन अमेरिकी संशोधकांचा, सिग्लर आणि रमानी यांचा, २००८ चा अभ्यास आहे. चार-पाच वर्षांच्या मुलांना १ ते १० ओळीत लिहिलेल्या पटावर खेळवलं, पंधरा-वीस मिनिटं, फक्त चार वेळा. त्यांची आकड्यांची समज वाढली. तोच खेळ नुसत्या रंगांच्या पटावर खेळलेल्यांची नाही वाढली. पाच वर्षांच्या मुलांना १०० घरांचा पट जड जातो, मी पुठ्ठ्यावर २० घरांचा करून घेतला.

सी-५०१ (बाई): छान. आणि सोंगटी पुढे नेताना "एक, दोन, तीन" म्हणू देऊ नका. ५ वर असेल आणि ३ पडले, तर "सहा, सात, आठ" म्हणत जायचं. मुलं हमखास उभ्या असलेल्या घरालाच "एक" म्हणतात.

ए-७०३: मीपण म्हणायचो लहानपणी. दादा ओरडायचा.

ई-४०१: आमचा प्रश्न वेगळाच आहे. पोरगा इंग्रजी माध्यमात. भाजीवाल्या मावशी "एकोणसाठ झाले" म्हणाल्या की हा माझ्याकडे बघतो. आणि बसच्या पाटीवरच्या मराठी एकाला इंग्रजी नऊ समजतो.

सेक्रेटरी: यावर मात्र बोलणं भाग आहे. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" आणलं तेव्हा मी विरोधात होतो. आजही आहे. बावन्न, त्रेपन्न हे शब्द गेले की भाषेत राहिलं काय?

सी-५०१ (बाई): आबा, गेले कुठे? तुम्ही वापरताच की. गणितज्ञ मंगला नारळीकर बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख होत्या, आणि मुद्दा साधा होता. आपण "पंचवीस" म्हणताना आधी पाच उच्चारतो, लिहिताना आधी दोन. पोरगं ऐकतं तसं लिहितं आणि ५२ होतात. वर जोडाक्षरं. मी वर्गात वर्षानुवर्षं हेच पाहिलं. दोन्ही येऊ देत. आधी "वीस पाच" कळलं की पंचवीस पाठ करणं सोपं जातं.

सेक्रेटरी: तात्त्विक मतभेद कायम आहेत.

सी-५०१ (बाई): असू देत. ई-४०१, "एकोण" म्हणजे एक उणे, हे त्याला सांग. एकोणसाठ म्हणजे साठाला एक कमी. तेवढ्यावर एकोणतीसपासून एकोणनव्वदपर्यंत सगळे सुटतात.

ए-७०३: हे सांगितल्यावर आमचे चिरंजीव ९९ ला "एकोणशंभर" म्हणायला लागले. नव्व्याण्णव म्हणायला तयारच नाहीत.

सी-५०१ (बाई): चूक आपल्या पूर्वजांची आहे, त्याची नाही. मला भेटायला पाठव, श्रीखंडवडी देते.

डी-२०२ (आजी): आणि गॅलरीत उभं करून मोजायला शिकवू नका, रविवारी पर्वतीला न्या. पायऱ्या १०३ आहेत म्हणतात.

ई-४०१: आमच्या दोघांची मोजणी कधी जुळली नाही. एकदा ९८, एकदा १०६.

सेक्रेटरी: १०३ च आहेत. मी मोजल्या आहेत. विषय संपवावा. उद्या टाकी धुणार असल्याने सकाळी ८ ते १२ पाणी बंद.

(दुसऱ्या दिवशी, रात्री ९.१०)

बी-३०४: बाई, आज ताटांशी चमचे ठेवायला सांगितलं. सहा माणसं, तिने पाचच आणले होते. सगळ्यांसमोर एकेक ठेवला, मग तिच्या आबांच्या ताटाकडे बघितलं, स्वयंपाकघरात गेली आणि एक घेऊन आली. मूठभर नाही. एकच.

सी-५०१ (बाई): किती झाले विचारलंस का?

बी-३०४: विचारलं. "एक, दोन, तीन..." सुरू.

सी-५०१ (बाई): चालेल. शेंगदाणे चालू ठेव.