चयापचय आणि ‘थकलेल्या’ टी पेशी

यकृताच्या कर्करोगावरचा एक लेख मराठीत करते आहे. ‘रोगप्रतिकारक पेशींचा चयापचय’ असं लिहिलं, तर वाचायला दिलेल्या दोघांनी विचारलं, पेशी कधी अन्न पचवते का? आणखी एक अडचण. गाठीत शिरून निकामी झालेल्या टी पेशींना, म्हणजे कर्करोगाशी लढणाऱ्या प्रतिकारक पेशींना, ‘थकलेल्या’ म्हणावं का?

– शब्द बदलू नका. घोटाळा अपचय आणि अपचन यांच्या सारखेपणामुळे होतो. इथे ‘पच्’ धातूचा संबंध नाही, ‘चि’ आहे, संचयातला. चय म्हणजे रचणं, अपचय म्हणजे मोडणं. पेशी रेणू जोडते आणि तोडते, त्यातून ऊर्जा नि बांधणीचा माल मिळवते. हे सगळं एका शब्दात येतं.

‘थकलेल्या’ मात्र मला खटकतं. थकलेला माणूस झोप काढली की उठतो. या पेशींचं तसं नाही. कर्करोगाच्या पेशी प्राणवायू असतानाही ग्लुकोजचं लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचं रूप) करत सुटतात. जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ ऑटो वॉर्बर्ग यांनी १९२०च्या दशकात हे दाखवलं. लढायला उठलेल्या टी पेशीलाही ग्लुकोजच हवं असतं. गाठीत ते कमी पडतं, लॅक्टेटने भोवताल आम्लधर्मी होतो, आणि प्रतिकाराला आवर घालणाऱ्या नियामक टी पेशी तेच लॅक्टेट वापरून तग धरतात. समोर शत्रू रोजचाच. उपासमार आणि न संपणारी लढाई यांनी टी पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया खालावत जातात. याला मराठीत नेमकं क्रियापद आहे: खंगणं. ‘खंगलेल्या टी पेशी’ लिहा.

– खंगणं आवडलं. पण खंगलेला माणूस वाळतो, पेशी आकाराने वाळते असं कुणी समजू नये, एवढं वाक्य जोडा. शिवाय खंगणं म्हणजे मरणं नव्हे, हा फरक यकृतात फार मोलाचा आहे. मेदयुक्त यकृत असलेल्या उंदरांमध्ये लिनोलेइक आम्ल या मेदाम्लामुळे सीडी४ टी पेशी (टी पेशींचाच एक प्रकार) खरोखर मरतात, तिथे ‘नाश’च म्हणावं. खंगलेल्यांपैकी काही मात्र पीडी-१चा (टी पेशीला आवर घालणाऱ्या तिच्यावरच्या प्रथिनाचा) अडसर औषधाने काढला की पुन्हा उभ्या राहतात.

– ‘उभारी धरतात’ म्हणा. दुखण्यातून सावरणाऱ्या माणसाबद्दल आपण तेच म्हणतो.

– घेतलं. ‘थकलेल्या’ सगळीकडून काढते, ‘चयापचय’ राहू देते आणि पहिल्याच परिच्छेदात ‘चि’ धातू सांगते.