नुसतं गप्प राहून भागत नाही
आंदोलनात कोणी अंगावर आलं तर उत्तरच द्यायचं नाही, असं काही जण म्हणतात; ते मला अर्धंच पटतं. सगळेच गप्प बसले की समोरच्याला आणखी चेव येतो. आमच्याकडे धरणगावला कापसाच्या भावासाठी रास्ता रोको होता, तेव्हा बोलायला दोघंच ठरवलेले. एक ट्रकवाला शिव्या देत उतरला. त्या दोघांतले आप्पा 'काय व्हयनं (काय झालं) भाऊ?' म्हणत त्याला गर्दीपासून लांब, टपरीच्या सावलीत घेऊन गेले. बघणारे उरले नाहीत तसा त्याचा आवाज खाली आला. बाकीच्यांनी घोषणा थांबवल्या नाहीत, हेही महत्त्वाचं.

आणि पोलिसांनी जमावबंदी सांगितली तर हुज्जत नको, आदेश कोणता ते विचारा: महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७, की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १६३ (१ जुलै २०२४ पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं १४४)? तारीख आणि हद्द तिथेच टिपून घ्या.