फुल्ली फंडेड मास्टर्स: मार्क बेताचे, नोकरी दोन वर्षांची, कुठून सुरुवात करू?

पाऊलवाट
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतीच वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मला पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स करायचंय, बाहेर, आणि ते फुल्ली फंडेड मिळालं तरच, कारण कर्ज काढून जायची माझी हिंमत नाही. ग्रॅज्युएशनला ६१ टक्के. त्यानंतर सव्वादोन वर्षं एका आरोग्य संस्थेत नोकरी, कॉलेजात असताना केलेलं स्वयंसेवकाचं काम वेगळं. चेव्हनिंग, इरॅस्मस मुंडस, डाड अशा स्कॉलरशिपांबद्दल महिनाभर वाचतेय आणि आता इतके टॅब उघडलेत की कुठली अट कुणाची तेच कळेना. एका कन्सल्टंटकडे गेले होते, तो म्हणाला ६१ वर स्कॉलरशिप विसरा, सेल्फ फंडिंगचं बघू, आणि एसओपी (हा कोर्स का करायचाय ते सांगणारा निबंध) म्हणे त्यांची टीम लिहून देईल. खरंच विसरू का?

दुपारची_झोप
आधी त्या कन्सल्टंटला विसरा. त्याला कमिशन अॅडमिशनवर मिळतं, तुमच्या स्कॉलरशिपवर नाही.

आता टॅब बंद करा आणि एक कागद घ्या. चेव्हनिंग म्हणजे यूके सरकारची, एक वर्षाचं मास्टर्स, २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो. आठवड्याला ४० तास धरले तरी तुमचे सव्वादोन वर्षांत साडेचार हजारांच्या वर होतात, म्हणजे ही अट तुम्ही कधीच पार केलीय. डाड म्हणजे जर्मनीची, त्यांची जी ईपॉस योजना आहे तिला डिग्रीनंतरचा किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि डिग्री सहा वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, कोर्सही त्यांच्या यादीतलाच घ्यावा लागतो. इरॅस्मस मुंडस युरोपियन युनियनची, त्यात किमान दोन देशांत शिकायचं, अर्ज थेट त्या त्या प्रोग्रामकडे जातो आणि प्रत्येकाच्या अटी वेगळ्या, बरेच प्रोग्राम तर शेवटच्या वर्षाच्या मुलांनाही अर्ज करू देतात. मार्कांचं म्हणाल तर कोर्सच्या पानावर देशानुसार किमान मार्क दिलेले असतात, ते बघा. तिथे बसत असाल तर नुसत्या ६१ वरून विसरायचं काही कारण नाही.

शाईचा_डाग
+१. कागदाचं एकदम पटलं.

मी पहिल्या वर्षी आपटले, दुसऱ्या वर्षी स्कॉलरशिप मिळाली, म्हणून निबंधांबद्दल लिहिते. पहिल्या वर्षीचं माझं पहिलं वाक्य होतं "लहानपणापासूनच मला समाजसेवेची आवड आहे". आता वाचलं की कानशिलं तापतात. तीन परिच्छेद नुसती आवड, तळमळ, ध्यास, आणि मी नक्की काय केलं ते कुठेच नाही! दुसऱ्या वर्षी एकच प्रसंग घेतला. आमच्याकडे पेशंट पहिल्यांदा यायचे, दुसऱ्या तपासणीला गायब. मी रजिस्टर घेऊन बसले, ४० जणांना फोन लावले, तेव्हा कळलं की ओपीडी बंद व्हायची त्यानंतर अर्ध्या तासाने त्यांची बस पोचायची. वेळ बदलायला साहेबांना दोन महिने पटवत होते. बस्स, लीडरशिपच्या निबंधात एवढंच लिहिलं. मोठं पद नव्हतं, हाताखाली माणसं नव्हती, तरी चाललं.

आणि तिथून पुढचा धागा जोडायचा: हे करताना मला काय येत नव्हतं (माझ्या बाबतीत आकडेवारी), ते या कोर्सच्या कुठल्या विषयात शिकायला मिळणार, परत येऊन त्याचं काय करणार. चेव्हनिंगला तीन कोर्स निवडावे लागतात. माझे पहिल्या वर्षी तिन्ही तीन दिशांना होते, इंटरव्ह्यूपर्यंत पोचलेच नाही. त्यामुळेच असेल असं मला वाटतं, कारण ते काही कळवत नाहीत.

खोडरबर
रेकोबद्दल (म्हणजे शिफारसपत्राबद्दल) कुणीच बोललं नाही म्हणून. माझ्या सरांनी मोठ्या मनाने "तूच लिहून आण, मी सही करतो" म्हटलं, मी नको म्हटलं, तर त्यांनी आधीच्या कुणाचं तरी लेटर उघडून नाव बदललं. पहिल्या ओळीत माझं नाव, तिसऱ्या ओळीत दुसऱ्याच मुलाचं! नशिबाने अपलोड करायच्या आधी त्यांनी मला दाखवलं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, रेको देणाऱ्याला सहा आठवडे आधी गाठा, सीव्ही द्या आणि सोबत एक पान द्या की आपण मिळून अमुक अमुक काम केलं होतं, त्यावर लिहिलंत तर बरं होईल. पदापेक्षा काम जवळून बघितलेला माणूस बरा. डायरेक्टरचं "शी इज पंक्च्युअल अँड हार्डवर्किंग" कुणाच्या उपयोगाचं नाही.

पाऊलवाट
बापरे, किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. शाईचा_डाग, ते बसचं वाचून मला माझंच एक रजिस्टर आठवलं, आज रात्री बसते. दोन शंका. फुल्ली फंडेड म्हणजे खिशातून खरंच शून्य जातं का? आणि परत यायची अट किती कडक असते?

जुनी_सायकल
शून्य नाही. आयईएलटीएसची (इंग्रजीच्या परीक्षेची) फी तुमचीच, ट्रान्सक्रिप्ट काढायचे पैसे तुमचे. इरॅस्मस मुंडसमध्ये ट्यूशन माफ, इन्शुरन्स त्यांचा, आणि महिन्याला १,४०० युरो, पण प्रवास, व्हिसा, राहणं सगळं त्या १,४०० मध्येच बसवायचं. त्यात मला पहिला हप्ता मिळाला तो तिकडे जाऊन बँक खातं उघडल्यावर, म्हणजे तिकीट आणि घराचं डिपॉझिट आधी पदरचं. मी दोन मित्रांकडून उसने घेतले होते. चेव्हनिंगमध्ये विमानाचं तिकीट आणि व्हिसाचा अर्ज धरलेला असतो, पण कोर्स संपल्यावर किमान दोन वर्षं मायदेशी राहायचं असतं. इरॅस्मसला तशी अट नाही. तिकडेच नोकरी बघायचा विचार असेल तर आत्ताच ठरवा, कारण निबंधात "परत येऊन अमुक करीन" लिहायचं आणि मनात दुसरंच, हे इंटरव्ह्यूत लगेच पकडतात.

अजून एक, आयईएलटीएसचा स्कोअर दोनच वर्षं चालतो, उगाच घाईने आत्ता देऊन ठेवू नका. आणि डेडलाइनची वेळ त्यांच्या घड्याळाची असते, आपल्या नाही. मी शेवटच्या रात्री बसलो होतो, पीडीएफ मोठी म्हणून पोर्टल घेईना, लहान करून परत टाकली तेव्हा अकरा मिनिटं उरली होती.

शाईचा_डाग
पाऊलवाट, रजिस्टरवर जे लिहाल ते इथे टाका किंवा मला मेसेज करा, वाचून लाल पेन चालवते.