मदत हवी आहे : पोरगा मोबाईल सोडत नाही, पूर्ण कुलूप लागेल असं ॲप सांगा

ओलीत_आर्णी
पोरगा फोन सोडतच नाही. आठ दिवसांपासून तर जेवतानाही मांडीखाली दाबून बसतो. मी रात्री हरभऱ्याच्या ओलिताला जातो, तेव्हा पांघरुणात उजेड दिसतो म्हणते त्याची आई. मागितला की रडतो. समजावलं, रागावलो, एकदा हातही उचलला. असं ॲप सांगा की मी उघडल्याशिवाय काहीच उघडलं नाही पाहिजे. फुकटचं हवं. आज रात्री पुन्हा पंपाची लाईन आहे, लवकर सांगा.

सेलूकर
फॅमिली लिंक टाका. गूगलचंच आहे, पैसे लागत नाहीत. माझ्या मुलीचा फोन रात्री नऊला आपोआप बंद होतो, नवीन ॲप टाकायचं म्हटलं तर आधी मला विचारणा येते. दोन वर्षं झाली, एक दिवस कटकट नाही.

काळी_माती
हिसकून घ्या न भाऊ! ॲप काहून पाहिजे? पेटीत टाका, कुलूप लावा. आमच्या बुढ्यानं दोन रट्टे दिले का आम्ही लायनीवर येत होतो.

सेलूकर
आणि उद्या शाळेच्या ग्रुपवर अभ्यास आला तर? पेटी उघडणार? मारलेलं पोरगं लपून पाहतं, एवढाच फरक पडतो.

काळी_माती
लपून तर आताबी पाहूनच राह्यलं न.

झेडपी_मॅडम
भाऊ, वय किती? कितवीत आहे? फोन त्याचा की तुमचा?

ओलीत_आर्णी
सातवीत. फोन माझाच, घरात मोठा फोन एकच. शेतात मी बटनाचा नेतो. फॅमिली लिंक टाकून पाहिलं, मुलाचं खातं मागते. त्याचं खातं कुठून आणू?

सेलूकर
हे आधी सांगायचं होतं. फॅमिली लिंकला मुलाचा फोन वेगळा लागतो, त्यावर त्याचं स्वतःचं खातं लागतं. एकाच फोनवर नाही जमणार. सेटिंगमध्ये ॲप लॉक आहे का पाहा, बऱ्याच फोनमध्ये आतच असतं. प्ले स्टोअरच्या खरेदीलाही पासवर्ड लावा.

टॉवर_नाही
तुमच्याकडे रात्री नेट चालतं? कोणतं सिम? आमच्या गावात ई-पीक पाहणीचा, म्हणजे पिकाच्या सरकारी नोंदीचा, फोटो चढवायला धुऱ्यावरून टेकडीवर जावं लागते. तीन वेळा अर्ज दिला.

अकोट_फाटा
अंधारात फोन पाहतो म्हणता, तर डोळे तपासून घ्या. माझ्या भाच्याला चष्मा लागला. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात तपासतात.

झेडपी_मॅडम
आठ दिवसांपासूनच का? त्याआधी काय घडलं? आणि पाहतो काय, गेम, व्हिडिओ, की कुणाशी बोलतो? बँकेला जोडलेला नंबर याच फोनमध्ये आहे का?

ओलीत_आर्णी
नंबर यातच, पीएम किसानच्या हप्त्याचा मेसेजही यावरच येतो. गेम नाही खेळत. मागून जाऊन पाहिलं तर मेसेज पुसत होता. विचारलं तर म्हणे कंपनीचे आहेत. पण मॅडम, मी ॲप विचारलं होतं.

झेडपी_मॅडम
ॲपचं आज राहू द्या. खेळायला फोन घेणारं पोर मेसेज कशाला पुसेल, तेही बँकेला जोडलेल्या नंबरवरचे? ते घाबरलेलं आहे. आज ओलीत सोडा. त्याच्याजवळ बसा, आणि मारणार नाही हे तोंडाने आधी सांगा, मनात ठेवू नका.

सेलूकर
मॅडमशी सहमत. त्याआधी फोनचा डेटा बंद करा. मग सेटिंगमधली ॲपची पूर्ण यादी वरपासून खालपर्यंत पाहा. तुम्ही न टाकलेलं काही दिसतं का?

ओलीत_आर्णी
सापडलं. किसानच्या नावाचं ॲप आहे, बाहेर चिन्हच दिसत नाही, यादीतच दिसते.

पोरानं सगळं सांगितलं. गावाच्या ग्रुपवर फाईल आली होती, हप्ता थांबला आहे, ही टाकून केवायसी करा म्हणून. त्याआधी मी घरात बोललो होतो की या वेळी २,००० आले नाहीत. त्यानं ते ऐकलं आणि माझ्यासाठी टाकली. पीक पाहणी तोच भरतो, आईच्या गॅसचा नंबर तोच लावतो, तसंच हेही समजला. दुसऱ्या दिवशी २,९०० गेले, मग १,९००. मेसेज आले तसे पुसले. फोन मांडीखाली का तर पुन्हा मेसेज आला आणि मी वाचला तर.

शोधलेलं पाहिलं मी. रोज रात्री एकच लिहिलेलं, ‘गेलेले पैसे परत कसे येते’. आठ रात्री. मी त्याच पोरावर हात उचलला.

सेलूकर
दादा, आता क्रमाने करा. सिम काढून बटनाच्या फोनमध्ये टाका, म्हणजे ओटीपी त्या ॲपच्या हाती लागणार नाही. त्या फोनवरून १९३० ला लावा, ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाईन आहे. मग बँकेला सांगून खात्यातले व्यवहार थांबवा. आठ दिवस झालेत म्हणून सोडू नका, बँकेला कळवल्यानंतर जे जाईल त्याची जबाबदारी बँकेची, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. उरलेल्या मेसेजचे आणि त्या ॲपचे फोटो दुसऱ्या फोनने काढा, नंतरच फोन रीसेट करा. यूपीआयचा पिन या फोनवरून बदलू नका.

आणि ग्रुपवर लिहा की ती फाईल कुणी उघडू नये. असं ॲप तुमच्या फोनमधून स्वतःच पुढे जाऊ शकतं.

काळी_माती
भाऊ, तशीच फाईल माह्या फोनवरबी आली होती. मी उघडली नाही, पण दोन ग्रुपवर पाठवून देल्ली. वळखाची कशी?

सेलूकर
नावाच्या शेवटी एपीके असतं. सरकारी ॲप प्ले स्टोअरवरून घ्यायचं, व्हॉट्सॲपवर आलेलं घ्यायचं नाही. दोन्ही ग्रुपवरून आत्ता पुसा, आणि पुसली का ते लिहा.

झेडपी_मॅडम
आमच्या वर्गात एका मुलीनं विचारलं होतं, ‘मॅडम, ओटीपी कुणाला सांगायचा नाही म्हणता, पण माझ्या आईला वाचताच येत नाही. सेतूवाल्याला मीच वाचून दाखवते. मग?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपण लेकरांना म्हणतो फोनला हात लावू नको, आणि घरातली सगळी कागदपत्रं त्यांच्याच हातानं भरून घेतो.

तेव्हापासून शनिवारी मुलं घरच्या फोनवर आलेला एक मेसेज वहीत उतरवून आणतात, अक्षरन् अक्षर. तो मी फळ्यावर लिहिते. कोण पाठवतो? काय मागतो? घाई कशाची करतो? ‘आज रात्री १२ पर्यंत’ असं दिसलं की सगळा वर्ग एकदम ओरडतो. ओटीपीचं ठरलं ते असं : वाचून दाखवायचा तर आधी वरचं वाक्य वाचायचं, कशाचा आहे ते आईला सांगायचं, आणि आई समोर उभी असेल तरच. फोनवर बोलणाऱ्याला कधीच नाही. कुणी फोटो मागितला, धमकी दिली तर १०९८, तो नंबर वहीच्या पहिल्या पानावर.

तुमच्या पोराला वाचता येतं, भरता येतं. टाकण्याआधी विचारायचं कुणाला, एवढंच कुणी सांगितलं नव्हतं.

काळी_माती
दोन्हीकडून पुसली. पण एका ग्रुपवर तिघांनी उघडली म्हणते. त्यायले घरी जाऊन सांगतो.

ओलीत_आर्णी
१९३० लागला, तक्रार क्रमांक मिळाला. खात्यातले व्यवहार बंद केले. पैशाचं अजून काही कळलं नाही. सकाळी बँकेत पोराला सोबत घेतलं होतं, अर्ज त्यानंच लिहिला. कोणत्या दिवशी किती गेले, दोन्ही तारखा न पाहता सांगितल्या त्यानं साहेबाला.

आता फोन रीसेट करायचा आहे. ई-पीक पाहणी पुन्हा भरावी लागते का?

टॉवर_नाही
चढवून झाली असेल तर नाही लागत. ॲप पुन्हा टाका, गावाच्या यादीत नाव पाहा.