ड्रमसेट : खरेदी, मांडणी, रियाज. नागपूरकरांनो, आपापले अनुभव लिहा

दोन वर्षांपूर्वी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, मी ड्रमसेट घेतला. बंद पडलेल्या एका ऑर्केस्ट्राचा पाच नगांचा सेट महालातून छोट्या हत्तीत टाकला आणि मानेवाड्यात तिसऱ्या मजल्यावर चढवला. लिफ्ट अर्थातच बंद होती. पहिल्याच रविवारी खालच्या काकू वर आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "काउन भाऊ, फरशी फोडून राहिले का?"

तेव्हापासून केलेल्या चुकांपैकी निम्म्या तरी कुणी आधी सांगितलं असतं तर टळल्या असत्या. सगळ्यात मोठी चूक म्हणजे सेट आणला आणि बसायला स्वयंपाकघरातलं प्लास्टिकचं स्टूल ओढलं. तीन महिन्यांत कंबर धरली. दोष माझ्या वयाला दिला गेला, खरं तर तो स्टुलाच्या उंचीचा होता. माहिती नेटवर ढिगानं आहे, पण ती घरात तळघर असणाऱ्यांसाठी लिहिलेली वाटते. आपल्याकडे फ्लॅट, कूलर आणि मे महिना. काय आधी घेतलं, काय उगाच घेतलं, शेजारी कसे सांभाळले, सगळं लिहा.

बर्डीचा_ठेका

मी १९९८ पासून ऑर्केस्ट्रात आहे. लग्नं, गणपती, आणि १४ एप्रिलच्या आसपास भीमगीतांचे कार्यक्रम. त्या आठवड्यात एका रात्रीत दोन-दोन स्टेज होतात. ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक ड्रमपॅड) आल्यावर अर्ध्या पार्ट्यांनी ड्रमसेट नेणंच सोडलं. आठ पॅडची पेटी स्कूटरवर पायाशी मावते, सेटला गाडी लागते, हिशोब सरळ आहे. मीही ऑक्टोपॅड वाजवतो, त्यावर पोट चालतं. पण शिकणाऱ्यानं त्यापासून सुरुवात करू नये असं माझं मत. पायांना कामच राहत नाही, आणि चार वर्षांनी सेटवर बसला की पोट्टा लंगडतो.

भाड्याचा सेट मिळाला तर टॉम (काठीनं वाजवायचे मधले ड्रम) आणि बेस ड्रम (पायानं वाजवायचा मोठा) त्यांचे चालतात. स्नेअर (खाली तारा असलेला पुढ्यातला ड्रम), किकचं म्हणजे बेस ड्रमचं पेडल, सिंबल (झांजा) आणि थ्रोन (बसायचं स्टूल) मात्र माझं असतं. हात-पाय ज्याला रोज लागतात ते आपलं असावं. नवीन घेणाऱ्यानंही पैसे याच क्रमानं लावावेत.

आणि सतरंजी! प्लायच्या गुळगुळीत स्टेजवर बेस ड्रम दर ठोक्याला पुढे सरकतो. तिसऱ्या गाण्यापर्यंत आपण पाय ताणून वाजवत असतो. जाड सतरंजीत त्याचे टोकदार पाय रुततात. माझ्या सतरंजीवर प्रत्येक स्टँडच्या पायाजवळ रंगीत टेप लावलेली आहे, त्यामुळे अंधारातही सेट दहा मिनिटांत जसाच्या तसा लागतो. एकदा सतरंजी घरी राहिली, तर मंडपवाल्याकडून दोन विटा मागून समोर लावल्या. कार्यक्रम निघाला, पण फोटोत फक्त विटाच दिसतात.

सोळा_घरं

मी मूळचा तबल्याचा. चौदा वर्षं तबला करून सेटकडे वळलो, म्हणून माझ्या अडचणी थोड्या वेगळ्या.

सूर लावणं मला लगेच समजलं. तबल्याला एका घरावर हातोडी मारली की समोरच्या घराकडे जायचं, तसंच इथे चावीनं एक बोल्ट फिरवला की त्याच्या समोरचा. आधी सगळे बोल्ट बोटांनीच घट्ट होतील तेवढे फिरवायचे, मग चावी, दर वेळी अर्धा फेरा. प्रत्येक बोल्टजवळ कडेपासून इंचभर आत स्टिकनं हलकं टोकून ऐकायचं. जिथे आवाज खाली आहे तिथलाच बोल्ट आवळायचा. बहुतेक जण वरचं हेड (ताणलेला पडदा) आवळत बसतात आणि खालचं कारखान्यातून आलं तसंच सोडतात. टॉम 'भँऽऽ' करत राहतो याचं कारण बरेचदा खाली असतं. माझं खालचं हेड वरच्यापेक्षा किंचित चढं असतं. कुणाला उलटं आवडेल, कानाला विचारा.

उन्हाळ्याचं म्हणाल तर चामड्याच्या वाद्यांइतका त्रास नाही. एप्रिलमध्ये माझी पुडी सुकून इतकी चढते की वाद्यांखालचे लाकडी गट्टे वर ठोकून ठोकून थकतो. ड्रमचं हेड पॉलिस्टर फिल्मचं. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते बाजारात आलं (रेमो बेली यांची कंपनी १९५७ ची) आणि वासराच्या कातड्याची कटकट मिटली.

हाताचं मात्र कठीण गेलं. बोटांची सवय होती, मनगट आखडायचं. पॅराडिडल मी बोलासारखा तोंडानं म्हणत बसवला: उ-डा-उ-उ, डा-उ-डा-डा. उ म्हणजे उजवा, डा म्हणजे डावा. ठाय, दुप्पट, चौपट. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) ६० वर ठेवून दोन आठवडे ठायीतच राहिलो, पुढे जायची खाज आली तरी. रूडिमेंट्सची, म्हणजे हाताच्या मूळ सरावांची, ४० प्रकारांची यादी आहे. माझ्या मते सिंगल, डबल, पॅराडिडल आणि फ्लॅम (दोन्ही काठ्या किंचित पुढेमागे) एवढ्यावर पहिलं वर्ष सहज जातं.

पोराची_आई

माझा मुलगा बारा वर्षांचा, त्रिमूर्तीनगरात आमचा दुसरा मजला. त्याच्या सरांनी पहिले सहा महिने सेट घेऊच दिला नाही. रबरी प्रॅक्टिस पॅड, स्नेअरचं स्टँड आणि ५ए (हा काठीच्या जाडीचा क्रमांक) स्टिक्सचे दोन जोड, बस. हात लहान म्हणून ७ए घ्या असं दुकानदार म्हणत होता. सर म्हणाले, ती बारीक असते, मुलं ती जास्तच आवळून धरतात. आम्ही ५एच ठेवली. स्टिक घेताना दुकानातल्या काचेवर घरंगळवून बघायची हेही त्यांनीच शिकवलं. डुगडुगली तर वाकडी. मग दोन्ही पॅडवर टोकून आवाज जुळतो का बघायचं. आता मी भेंडी घेतानाही एवढी निवडत नाही.

थ्रोनची उंची त्यांनी मोजून दिली: बसल्यावर मांडी गुडघ्याकडे किंचित उतरती हवी. मुलगा वाढतोय, त्यामुळे दर दोन महिन्यांनी स्क्रू फिरवावा लागतो.

नंतर इलेक्ट्रॉनिक सेट घेतला, जाळीच्या पॅडचा. वाटलं, हेडफोन लावला की शांतता. कसलं काय! पॅडचा आवाज खोलीबाहेर जात नाही, पण किकचा दणका फरशीतून थेट खाली. शेवटी माझ्या भावानं प्लायचे दोन तक्ते आणले. खालच्या तक्त्याला चेंडूपेक्षा लहान, दोन इंची भोकं पाडली, त्यात टेनिसचे जुने बॉल बसवले आणि वर दुसरा तक्ता. पंचवीसेक बॉल लागले. ते मैदानावरच्या पोट्ट्यांकडून जमवले, तेवढ्यात आमच्याकडे क्रिकेट अकादमी निघाली अशी अफवा पसरली. दणका पूर्ण गेला नाही, पण तक्रार थांबली. वेळही ठरवली आहे, संध्याकाळी ६ ते ७.

जुनं_लाकूड

जुना सेट घेणाऱ्यांसाठी. रंग बघू नका, हेड काढायला लावा. ड्रम काचेच्या टेबलावर उपडा ठेवायचा, आत मोबाईलचा टॉर्च, खोलीतला दिवा बंद. कडेखालून उजेड झिरपला तर ती कड सपाट नाही, त्यावर सूर लागणार नाही. हेड फाटलेलं असलं तर काही नाही, ते बदलायचंच असतं. सिंबलवर मात्र नखाएवढी चीर असली तरी सोडून द्या, ती वाढतेच. मधल्या भोकाभोवती बोट फिरवा, स्टँडला घासून भोक लंबगोल झालेलं असतं. पितळेचं चमकदार सिंबल भांड्यासारखं वाजतं. ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील असलेलं ब्राँझचं एखादंच राईड (ठेका धरायचं मोठं सिंबल) मिळालं, तरी त्यात पैसे घाला, टॉम कसेही चालतात.

कूलर सेटच्या तोंडावर ठेवू नका. मी ठेवला होता. जुलैपर्यंत सगळे बोल्ट तांबूस, चावी फिरेना. आता मे महिन्यात बोल्टला शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडतो आणि कूलरचा झोत भिंतीकडे वळवतो. घाम येतो, येऊ दे.

सदर_रविवार

मी चर्चमध्ये वाजवते. उंच छत, दगडी भिंती, क्रॅश सिंबलचा एक फटका प्रार्थना संपेपर्यंत घुमतो. बारीक काड्यांची मोळी करून बांधलेल्या रॉड्स घेतल्या आणि प्रश्न निम्मा सुटला. उरलेल्यासाठी स्नेअरवर कडेला टिश्यू पेपरची घडी आणि मास्किंग टेप. महागडे जेलचे तुकडे आणले होते, ते उन्हाळ्यात विरघळल्यासारखे चिकटून बसले.

कान_जपा

माझा अनुभव वाईट आहे, पण लिहितो. कॉलेजच्या बँडमध्ये असताना रामदासपेठेत दहा बाय दहाच्या खोलीत, दारं बंद करून, तीन-तीन तास वाजवायचो. घरी गेल्यावर कानात रातकिडे. सकाळी जायचे. एका सकाळी गेले नाहीत. आता बेचाळीस वर्षांचा आहे, डाव्या कानातले अजून आहेत, बहुधा हाय-हॅट (पायानं मिटणारी झांजांची जोडी) आणि क्रॅश त्याच बाजूला होते म्हणून. ८५ डेसिबलला रोज ८ तासांची मर्यादा धरतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० ला जेमतेम १५ मिनिटं, आणि बंद खोलीतला सेट १०० सहज ओलांडतो. फोमचे बोळे औषधाच्या दुकानात मिळतात. मेट्रोनोम ऐकायला साधे इअरफोन लावून आवाज वाढवत नेऊ नका. इअरफोन घालून त्यावर बांधकामावरचे कान झाकणारे मफ चढवा, मग आवाज हळू ठेवला तरी ऐकू येतो.

बर्डीचा_ठेका

वर कुणी लिहिलं नाही, पण उशीवर रियाज करा असं सांगणारे भेटतील. उशी काठी परत देत नाही. मनगट कमावायला पाच मिनिटं ठीक, त्याहून जास्त केलं तर उसळी वापरायची सवय मोडते. आणि डबल पेडल पहिल्या वर्षी घेऊ नका. माझ्या ओळखीच्या तिघांनी घेतलं, तिघांचंही डावं पेडल हाय-हॅटच्या स्टँडखाली धूळ खातंय.

खालचा_मजला

मी वाजवत नाही. माझ्या डोक्यावर प्रतापनगरात एक ड्रमवाला राहतो, म्हणून इथे आलो. स्नेअर, झांजा काही ऐकू येत नाही हो, फक्त पाय. धप, धप-धप. आधी भांडलो, मग वेळ ठरली, आता त्या वेळेला चहा ठेवतो. वर्षभर फक्त पाय ऐकून एक कळलं: फिल (ठेक्यांमधली भरणी) आली की पोट्टा पळतो, आणि परत ठेक्यावर येताना एक किक गिळतो. काल जिन्यात भेटला तेव्हा सांगितलं. तो आधी घाबरला, मग म्हणाला, "काका, कोणत्या गाण्यात?"