मदत हवी आहे: नोव्हेंबरअखेर मढे घाटातून आकाशगंगेचे फोटो

प्रश्न, धागाकर्ता: कोथरूडकर

मंडळी, कार्तिक अमावस्येच्या आसपास मढे घाटाच्या कड्यावरून आकाशगंगेचा गाभा (तिचा मधला तेजस्वी भाग) आणि खाली कोकण, असा फोटो काढायचा आहे. कॅमेरा कॅनन २००डी, सोबत आलेली १८-५५ एसटीएम लेन्स, शिवाय ५० मिमी एफ/१.८ आणि हलका ट्रायपॉड. सिंहगडाच्या पायथ्याशी केलेल्या चाचणीत १८ मिमी, ३० सेकंद, आयएसओ ६४०० ठेवलं होतं. आकाश नारिंगी आलं, तारे लांबट आले आणि शेवटचे फोटो धुरकट, प्रत्येक ताऱ्याभोवती वलय. नवी लेन्स घ्यावी लागेल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

आर्द्रा

लेन्सचं नंतर बघू, आधी आकाशाचं. नोव्हेंबरअखेर गाभा मिळणार नाही. सूर्य तेव्हा वृश्चिकेच्या आसपास असतो आणि गाभा शेजारीच, धनू-वृश्चिकेच्या सीमेवर. सव्वासातला पूर्ण अंधार होईतो तो नैर्ऋत्येला क्षितिजाला टेकलेला असतो, त्यात त्याच दिशेला महाड एमआयडीसीचे दिवे. आकाश दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये दिसतो म्हणून फोटोत येईल असं नाही.

पुण्याच्या अक्षांशावर गाभा फार तर ४२ अंश वर चढतो. उगवतो आग्नेयेला, मावळतो नैर्ऋत्येला. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री एकच्या सुमारास उगवतो, एप्रिलच्या त्याच सुमाराला अकराच्या आसपास. मात्र मढे घाटाचा कडा कोकणाकडे तोंड करून आहे. तुम्हाला हवी तशी चौकट गाभा दक्षिणेहून नैर्ऋत्येकडे झुकला की जमेल, म्हणजे मेच्या पहिल्या पंधरवड्यात पहाटे तीन ते साडेचार. तोपर्यंत राबभाजणीचा (पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळण्याचा) आणि वणव्यांचा धूर हवेत असतोच, त्यामुळे एखादा वळवाचा पाऊस पडून गेल्यानंतरची अमावस्या गाठा. पावसाळ्यानंतर हवं असेल तर ऑक्टोबरची अमावस्या: साडेसात ते साडेआठ, एवढाच वेळ.

कार्तिकातच जायचं असेल तर दोन चांगल्या गोष्टी आहेत. साडेसातला पश्चिम-वायव्येला अभिजित २५ ते ३० अंशांवर, त्याच्या वर श्रवण आणि डेनेब साधारण ४० ते ५० अंशांवर असतात. या तिघांमधून जाणारा आकाशगंगेचा पट्टा कोकणावर उतरतो. १८ मिमीच्या चौकटीत तिन्ही तारे बसतात. दुसरी गोष्ट म्हणजे मृग नक्षत्र. आठनंतर पूर्वेला उगवतो, दहा-अकराला छान वर आलेला असतो. पुणे तिथून ईशान्येला, त्यामुळे उजेड कडेला राहतो.

तिपाई

नवी लेन्स नको. ३० सेकंदांत खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा तुमच्या सेन्सरवर १८ मिमीला दहा-अकरा पिक्सेल सरकतो, लांबटपणा तिथून येतो. किती सेकंदांचा फोटो घ्यायचा याचा पाचशे भागिले फोकल लेंग्थ हा जुना हिशेब २४ मेगापिक्सेलला सैल पडतो. १८ मिमी, एफ/४ ला १३ सेकंद, ५० मिमीला ३ सेकंद धरा. आयएसओ ३२००, रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल), व्हाइट बॅलन्स ३८०० ते ४००० केल्विन. ऑटो ठेवलं तर नारिंगी छटा फोटोगणिक बदलते आणि नंतर सगळे जुळवत बसावं लागतं.

फोकस मॅन्युअलवर. लाइव्ह व्ह्यू, दहापट मोठं करून ब्रह्महृदय किंवा व्याध, जो वर असेल तो, लहानात लहान ठिपका होईपर्यंत रिंग फिरवा. इथे गोम अशी की १८-५५ एसटीएमची रिंग नुसती मोटरला आज्ञा देते, काचेशी तिचा थेट संबंध नाही. कॅमेरा झोपला किंवा बंद केला की फोकस हलू शकतो आणि रिंगवर चिकटपट्टी लावून काही उपयोग होत नाही. म्हणून ऑटो पॉवर ऑफ बंद ठेवा, बॅटरी बदलली की फोकस नव्याने. स्टॅबिलायझर बंद, २ सेकंदांचा टायमर. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शनही बंद, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर तेवढेच सेकंद कॅमेरा अडकून पडतो.

एकाच चौकटीचे १६ फोटो सलग घ्या. शेवटी झाकण लावून त्याच सेटिंगवर १० काळे फोटो. घरी सिक्वेटर या फोटो जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडले की नॉइज (फोटोतले दाणे) एक चतुर्थांशावर येतो. त्यात जमीन वेगळी गोठवता येते, पण झाडाच्या फांद्या वाऱ्याने हलल्या तर कडेला भुतं उमटतात. म्हणून पुढे खडक असलेली चौकट बरी.

मृगासाठी ५० मिमी, एफ/२.५, ३ सेकंदांचे शंभरेक फोटो. दर २० फोटोंनी चौकट परत मध्यावर आणायची. एफ/१.८ ला कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटतात.

कोथरूडकर

दोघांचेही आभार. मग कार्तिकात त्या तीन ताऱ्यांचा त्रिकोण आणि मृग, गाभा मेमध्ये. धुरकटपणाचं काय? फडक्याने पुसलं तरी दहा मिनिटांत परत तेच.

घाटवाट

ते दव. निरभ्र रात्री काच आकाशाकडे उष्णता सोडत हवेपेक्षा थंड होते आणि तिच्यावर पाणी धरतं. पुसून काच गरम होत नाही, वर बोटांचं तेल पसरतं. यूएसबीवर चालणारा हीटरचा पट्टा लेन्सच्या पुढच्या कडेला गुंडाळा आणि झाकण काढायच्या आधीच मंद आचेवर सुरू करा. ५ वॉटच्या पट्ट्याला १०,००० एमएएचची पॉवर बँक सहा तास पुरते. फोकस पट्टा लावल्यावर करायचा, कारण काच तापली की तो किंचित सरकतो. पट्टा नसेल तर हातमोज्यात घालायच्या गरम पुड्या आणि एक मोजा.

कड्यावर वारा असतो. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका, पाय खडकावर टेकवा, सॅक खाली टांगा पण जमिनीला टेकलेली, लोंबकळती सॅक उलट हलवते. घाटमाथ्यावर बारीक मुरूम आहे, कठडा सगळीकडे नाही. चौकट दिवसाउजेडी ठरवून ट्रायपॉडच्या जागी दगड ठेवा आणि रात्री त्या दगडापुढे पाऊल नाही. लाल टॉर्च न्या. घाटमाथ्याजवळच्या केळद गावात शिरतानाच रात्री थांबायचं गावात विचारून घ्या, गाडीही तिथेच लावा. कड्यापर्यंत आणलेल्या गाडीचे हेडलाइट सगळ्यांचे फोटो घालवतात.