यादवी, गृहयुद्ध की बंड?

माणदेशी: अमेरिकेतल्या १८६१-६५ च्या सिव्हिल वॉरला आपण सरसकट 'यादवी' म्हणतो ते मला खटकतं. यादव प्रभासला दारू पिऊन एकमेकांवर तुटून पडले, त्यात शापाशिवाय मुद्दा असा काय होता? अमेरिकेत मुद्दा होता, गुलाम ठेवायचे की नाही, आणि यादवी म्हटलं की तो भाऊबंदकीत गडप होतो.

खटपट्या: एवढं सोपं नाहीये ते. उत्तरेत कारखाने, दक्षिणेत कापूस, जकातीची भांडणं, राज्यांचे हक्क, हे सगळं होतंच की. खुद्द राष्ट्राध्यक्ष लिंकनने १८६२ ला ग्रीली या वृत्तपत्राच्या संपादकाला लिहिलंय, एकही गुलाम न सोडता युनियन, म्हणजे अमेरिकेचं संघराज्य, वाचत असेल तर तेही करीन. म्हणून 'गृहयुद्ध' बरा, कुणाची बाजू घेत नाही.

माणदेशी: अहो ते पत्र उत्तर का लढली ते सांगतं, दक्षिणेकडची राज्यं युनियनमधून का फुटली ते नाही, आणि सगळा घोळ हे दोन प्रश्न एकत्र केल्याने होतो. जकात म्हणाल तर वाढीव जकातीचा कायदा मार्च १८६१ चा, तोवर सात राज्यं बाहेर पडलेली. राज्यांच्या हक्काचं तर विचारूच नका, साउथ कॅरोलायनाचा डिसेंबर १८६० चा फुटून निघतानाचा जाहीरनामा वाचा, रडगाणं काय तर उत्तरेकडची राज्यं पळून आलेले गुलाम परत देत नाहीत, म्हणजे समोरच्या राज्याने स्वतःचा हक्क वापरला की यांच्या पोटात दुखणार! मिसिसिपीने तर आडपडदाच ठेवला नाही, आमची भूमिका गुलामगिरीशी पूर्ण जोडलेली आहे असं सरळ लिहून टाकलं. १८६० च्या जनगणनेत जवळपास ४० लाख माणसं गुलाम होती, कापूस त्यांच्याच जिवावर पिकत होता. मग 'आर्थिक कारण' वेगळं कुठून काढायचं?

लिंबूटिंबू: नावावरून भांडण तिकडेही आहे बरं का. उत्तरेच्या सरकारी कागदांत ते 'बंड', आणि हरल्यावर दक्षिणेत 'राज्याराज्यांमधलं युद्ध' हे नाव लाडकं झालं. १८५७ चं बंड की स्वातंत्र्यसमर यावर इतकी वर्षं भांडलेल्यांना हे नवीन वाटू नये. बाकी आपल्या फुल्यांना शंका नव्हती, १८७३ ला 'गुलामगिरी' त्यांनी अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांनाच अर्पण केली. तेव्हाच्या मुंबईतल्या शेठ लोकांना मात्र त्या युद्धात फक्त त्यामुळे चढलेला कापसाचा भाव दिसला असणार, १८६५ ला युद्ध संपलं आणि शेअरबाजार धाडकन आपटला.

खटपट्या: फुल्यांचं मान्य. पण केंटकी, मेरीलँड, मिसूरी, डेलावेअर इथे गुलाम असूनही ती युनियनमध्येच राहिली, त्याचं काय?

माणदेशी: राहिली, आणि म्हणूनच १ जानेवारी १८६३ च्या मुक्तीच्या घोषणेतून लिंकनने त्यांना वगळलं, ती दुखावून तिकडे गेली असती तर पंचाईत होती. त्यामुळे 'गुलामगिरीविरुद्धचं युद्ध' असं नाव मीही देणार नाही, निदान सुरुवातीच्या दोन वर्षांना तरी नाही. पण गुलामगिरी टिकवायला फुटले ते फुटलेच, त्यांच्यासाठी 'बंड' का नको?